'काय झालं?' विचारण्याआधी

तुमचा प्रश्न : चौथीतला मुलगा शाळेतून आला की बारीकसारीक गोष्टींवरून चिडतो, दप्तर भिरकावतो आणि विचारलं की 'काही नाही' म्हणतो. त्याला त्याच्या भावना कळाव्यात म्हणून काय करावं?

मी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. आधी एवढं सांगते, की तो तुमच्यापासून लपवत असेलच असं नाही. पुष्कळदा मुलांपाशी शब्दच नसतो. आत काहीही होत असलं तरी तोंडून येतं ते 'राग आला' किंवा 'काही नाही'.

माझ्या वर्गातला एक मुलगा एकदा वहीवर खोडरबर घासत बसला होता. पान फाटलं तरी थांबेना. मी शेजारी जाऊन नुसती बसले. थोड्या वेळानं विचारलं, "कुठे होतंय?" त्यानं गळ्याला हात लावला. हळूहळू कळलं, मधल्या सुट्टीत गडी निवडताना त्याला कुणीच घेतलं नव्हतं. म्हटलं, "अरे, मग तू खट्टू झालायस का?" तो शब्द त्यानं पुटपुटून पाहिला आणि मग रडला. पंधरा दिवसांनी आपणहून सांगत आला, "बाई, आज खट्टू नाही, धाकधूक होतेय. चाचणी आहे ना."

हिरमुसणं, रुसणं, ओशाळणं, धास्ती, हेवा, हुरहुर... आपल्याकडे केवढे शब्द आहेत! ते शिकवायला बसू नका. स्वतःबद्दल सहज वापरा : "आज सगळ्यांसमोर माझी चूक निघाली, फार ओशाळल्यासारखं झालं." मुलं बरोबर उचलतात. चेहऱ्यांचे रंगीत तक्ते मीही लावून पाहिले. लहानग्यांना ते बरे पडतात, पण चौथीतलं मूल एका चेहऱ्यावर बोट ठेवून मोकळं होतं, बोलणं तिथेच संपतं.

मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा होता, पण वर्गात मला तसंच घडताना दिसतं.

मात्र दप्तर उडालं त्या क्षणी काहीच विचारू नका. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या वेळी तुमच्या शांतपणाचाच आधार लागतो. "चिडलास तर चालेल, वस्तू फेकायची नाही," एवढं एकदाच, हळू आवाजात सांगा. मग पाणी, खाणं, थोडा वेळ. बोलणं रात्री दिवा मालवल्यावर किंवा सोबत चालताना निघतं, समोरासमोर बसवून नाही. लांब उच्छ्वास सोडायची सवयही तो खुशीत असताना लावा, ऐन रागात ती नव्यानं जमत नाही.

आणि चिडचिडीबरोबर काही आठवडे झोप किंवा भूक बिघडली असेल, रोज सकाळी पोट दुखून तो शाळा टाळत असेल, तर वर्गशिक्षकांशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा. स्वतःला इजा करण्याबद्दल एक वाक्य जरी बोलला, तरी त्याच दिवशी जा.