वाचकांचे प्रश्न : गिटार धरावी कशी, छेडावी कशी

प्रश्न : पंचेचाळिशीत गिटार शिकू लागलो आहे. अर्ध्या तासाच्या सरावानंतर बोटांची टोके हुळहुळतात, ते समजू शकतो. परंतु डावे मनगटही भरून येते आणि एवढे करूनही ‘सी’ कॉर्डमध्ये (एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीत) पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार बद्दच वाजते. हातात ताकद कमी आहे, की गिटारच बदलावी?

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी एकत्र आली आहेत. बोटांची टोके हुळहुळणे हे पोलादी तारांवर नव्याने हात ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. सराव नियमित राहिला की काही आठवड्यांत तिथली कातडी निबर होते आणि तक्रार आपोआप मिटते. मनगटाचे तसे नाही. ते दुखते तेव्हा बहुधा डावा हात तारा दाबण्याबरोबरच गिटारची मान उचलून धरण्याचेही काम करत असतो, आणि हे दुसरे काम मुळात त्याचे नव्हेच.

याची परीक्षा सोपी आहे. हात नसलेल्या खुर्चीच्या पुढच्या भागावर बसून गिटारच्या कमरेचा बाक उजव्या मांडीवर टेकवावा, तिची पाठ आपल्या पोटाला व छातीला लागू द्यावी, उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग वरच्या कडेवर सैल विसावू द्यावा, आणि मग डावा हात पूर्णपणे काढून घ्यावा. गिटार जागची हलली नाही तर बैठक जमली. मान खाली घसरू लागली, तर ती आडवी न ठेवता थोडी वर उचलून तिचे टोक साधारण खांद्याच्या उंचीवर आणावे. तरीही जमत नसेल तर शास्त्रीय गिटारवादकांची बैठक जरूर करून पाहावी : डाव्या पायाखाली सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे लहान पायस्टूल आणि गिटार डाव्या मांडीवर. ती केवळ शास्त्रीय वादनासाठी असते हा समज निराधार आहे; मनगटाची तक्रार असलेल्यांना मी तीच आधी सुचवतो. पट्टा लावून बसण्यातही काही कमीपणा नाही.

यातही एक खोड जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला असते. बोटे कुठे पडतात ते दिसावे म्हणून तो गिटार स्वतःकडे तिरपी करतो. मानेची तारांखालची पट्टी छताकडे वळते, डाव्या हाताला आणखी वळसा घालून तारांपर्यंत पोहोचावे लागते आणि मनगट काटकोनात मुडपते. गिटार उभीच ठेवावी आणि बघायचेच असेल तर आपण किंचित पुढे वाकून बघावे.

आता पहिल्या तारेविषयी. ‘सी’ कॉर्डमध्ये अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात (घर म्हणजे दोन फ्रेटमधली, मानेवरच्या दोन आडव्या धातूच्या पट्ट्यांमधली, जागा), मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या घरात आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या घरात असते. तिसरी आणि पहिली तार मोकळी वाजते. तर्जनी टेकल्यावर पेरातून आडवी पडली, की तिचा मांसल भाग पहिल्या तारेला चिकटतो आणि ती मुकी होते. येथे जोर वाढवून काहीच साधत नाही. अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर आणावा, तळहात मानेपासून सुटा ठेवावा, म्हणजे बोटे कमानीसारखी उभी राहून टोकावर टेकतील. शिवाय बोट घराच्या मधोमध न ठेवता पुढच्या फ्रेटच्या अगदी लगत ठेवावे : तिथे थोडक्या दाबातही सूर स्वच्छ निघतो, मागे सरकल्यास तोच दाब अपुरा पडून तार झरझरते. नखे अर्थातच कापलेली हवीत.

गिटार बदलण्यापूर्वी बाराव्या फ्रेटपाशी सहावी तार किती वर आहे ते मोजावे. पोलादी तारांच्या गिटारीत हे अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. ते तीनच्या बरेच पुढे असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून कमी करून घ्यावे. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो, नायलॉनच्या तारांचा त्याच्या जवळपास निम्मा. म्हणून बोटे फारच नाजूक असतील तर नायलॉनच्या गिटारीचा विचार अवश्य करावा. मात्र तिची मान रुंद असते, हे ध्यानात असावे.

प्रश्न : मुलगी डावखुरी आहे. तिला उलट्या बाजूची गिटार घ्यावी का?

उत्तर : तिच्या हाती गिटार देऊन नुसती छेडायला सांगावे आणि ज्या हाताने ठेका सहज येतो तो पाहून त्याप्रमाणे गिटार निवडावी. प्रसिद्ध डावखुरा गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा त्याप्रमाणे चढवून वाजवत असे. दुसरा नामवंत गिटारवादक मार्क नॉफलर डावखुरा असूनही उजव्या पद्धतीने वाजवतो.

प्रश्न : कॉर्ड वेगवेगळ्या वाजवल्या तर नीट येतात, पण स्ट्रमिंग (हात वर-खाली फिरवून तारा एकत्र छेडणे) करताना कॉर्ड बदलली की लय तुटते. काय करावे?

उत्तर : डाव्या हाताला उशीर झाला की आपला उजवा हात त्याच्यासाठी थांबत असणार. त्याने थांबता कामा नये. चार मात्रांच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेला हात खाली आणि दोन मात्रांच्या मध्ये वर, असा तो सतत फिरत राहतो. तारेला कधी लागायचे आणि कधी नाही, एवढेच बदलते. ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हा सर्वपरिचित प्रकार घ्या. यात तिसऱ्या मात्रेलाही हात खाली जातोच, फक्त तारांना न शिवता जातो. ही रिकामी फेरी गाळून हात वरच थबकला, की पुढचा वरचा आघात हमखास चुकतो.

आधी डाव्या हाताची बोटे सहाही तारांवर न दाबता अलगद ठेवून, मिनिटाला ६० ठोक्यांवर हा ठेका नुसत्या खसखस आवाजात पक्का करावा. मग ‘ई मायनर’ आणि ‘जी’ या दोनच कॉर्ड घ्याव्यात. बदलाच्या आधीच्या शेवटच्या ‘वर’ला बोटे उचललेली असली आणि तारा मोकळ्या वाजल्या, तरी ते चालते, कसलेले वादकही हे सर्रास करतात. चुकलेली कॉर्ड पुढच्या मात्रेला सावरता येते, म्हणून ती चुकली तरी उजवा हात चालू ठेवावा.

हालचाल कोपरापासून आणि मनगटाच्या हलक्या झटक्याने असावी. वर येताना सहाही तारा ओढू नयेत. बारीक तीन-चार पुरतात. पिक (तारा छेडायची छोटी चकती) अर्ध्या ते पाऊण मिलिमीटर जाडीचे, म्हणजे लवणारे घ्यावे, तर्जनीच्या कडेवर ठेवून वरून अंगठ्याने धरावे आणि त्याचे टोक थोडेच बाहेर ठेवावे. जास्त बाहेर आले की ते तारांत अडकते आणि बोटांत फिरू लागते.