सिग्नलच्या दिव्यात कसलं करिअर?

ताई नमस्कार,

तुम्ही लिहिलंय, तुमच्या मालकांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज आहे, पोरगं मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, आणि आता म्हणायलाय मला सिग्नल आणि गाड्या हुशार करायच्यात, त्यानं प्रदूषण कमी होतं. मालक म्हणतात सिग्नलच्या दिव्यात कसलं करिअर. आणि तुम्ही विचारताय, खरंच त्यात पर्यावरणाचं काय असतंय का नुसतं फॅड आहे.

फॅड नाही ओ. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलचा २.७ च्या आसपास, मग गाडी पळू दे नाहीतर दाभोळकर कॉर्नरला उभी राहू दे. उभ्या गाडीचं जळतंय ते वेगळंच, पण खरं तेल जातं परत उचलताना, कारण ब्रेक मारला की आधी जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या उष्णतेत गेला आणि तो पहिल्यापासनं कमवायचा. मालकांनाच विचारा, त्याच गाडीचं अ‍ॅव्हरेज गावात एक आणि हायवेला दुसरं का पडतंय. पोरगं जे शिकायचं म्हणतंय त्याचं मूळ तिथंच आहे.

साधा सिग्नल टायमरवर चालतो, समोरचा रस्ता मोकळा असला तरी तुम्ही आपलं आकडे मोजत बसायचं. हुशार सिग्नल कॅमेऱ्यानं नाहीतर रस्त्याखालच्या तारेच्या वेटोळ्यानं गाड्या मोजतो आणि हिरवा कमीजास्त करतो, शिवाय पुढच्या चौकाशी जुळवून घेतो म्हणजे एका हिरव्यावर सुटलेली गाडी पुढंही हिरव्यावरच पोचते. सिडनीत स्कॅट्स नावाची अशी सिस्टीम १९७० च्या दशकापासनं आहे, आपल्याकडं सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनं कॉसिकॉस्ट नावाची बनवलीय. किणी टोलनाक्यावर पूर्वी सुट्टे पैसे मोजत रांगा लागायच्या आणि ट्रक घुरघुरत उभे असायचे ते आठवतंय का? फेब्रुवारी २०२१ ला फास्टॅग सक्तीचा झाला, तोही ह्याच घरातला.

पण पोराला एक सांगा, रस्ता मोकळा झाला की माणसं जास्त गाड्या काढतात आणि वाचवलेला धूर परत येतो. म्हणून केएमटीच्या, म्हणजे आपल्या सिटी बसला आधी हिरवा मिळेल असा सिग्नल लावणं मला जास्त मोलाचं वाटतंय. हे कळलेलं पोरगं ह्या लाइनीत टिकेल, नुसतं एआय एआय करणारं नाही.

आता पोटापाण्याचं. नावात 'स्मार्ट' आहे म्हणून भरमसाट फीच्या कोर्सला पैसे घालू नका. डिप्लोमावरनं इंजिनीअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला ब्रँच बदलता येते, नियम तेवढे त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या (प्रवेश बघणारं सरकारी ऑफिस) पुस्तिकेत बघा. गाडीच्या आतलं आवडत असेल तर मेकॅनिकलच ठेवा, जोडीला इलेक्ट्रॉनिक्स आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पुढं पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, तिथं गाड्यांची धुराची टेस्टिंगच चालते. रस्त्याचं आवडत असेल तर सिव्हिल, आणि नंतर ट्रान्सपोर्टेशनमध्ये एम.टेक. दोन्हीकडं काम मात्र कंटाळवाणं असतंय बरं का, दिवसचे दिवस आकडे साफ करायचे, पोराला आधी त्याची चव घेऊ दे.

चव कशी? सुमो नावाचं ट्रॅफिकचं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीचं, फुकट (मालकांना वाटेल टाटाची, ती नव्हे). त्यात ताराराणी चौक उभा करायचा. त्याआधी तिथं तासभर उभं राहून दुचाकी, रिक्षा, बस वेगवेगळ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या. आणि गॅरेजमधला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले इंजिनचे आकडे वाचणारं यंत्र) एखाद्या गिऱ्हाइकाला विचारून त्याच्या गाडीला लावायचा, एक फेरी सकाळी सातला, तीच फेरी संध्याकाळी सातला, दोन्हीत इंजिन किती वेळ नुसतं चालू राहिलं ते बघायचं. मालकांना शेजारी बसवा, गाडी त्यांनीच चालवू दे. महिनाभर हे केलं आणि तरी पोरगं कंटाळलं नाही तर मग फॉर्म भरायच्या आधी त्याला आणि ती वही, दोन्ही माझ्याकडं पाठवा.