सिग्नल सुटतो की पडतो?

'सिग्नल सुटला' हे मराठी चुकीचं नाही का? सुटतात त्या गाड्या. (वाचक, परळ)

मुळीच चुकीचं नाही, आणि परळकरांना तर हे सहज पटावं. 'गिरणी सुटली' म्हणायचे तेव्हा गिरणी जागची हलत नसे, बाहेर पडायचे ते कामगार. 'शाळा सुटली'ही तसंच. ज्याने अडवून धरलं, त्याच्याच नावाने सुटका सांगायची, ही आपल्या भाषेची जुनी रीत. सिग्नल बाहेरून आला, पण 'सुटला' म्हटलं की तो आपला झाला.

लोकल यायच्या आधी वडील 'सिग्नल पडला' म्हणायचे. मुलगा विचारतो, खांब पडला का? (वाचक, ठाणे)

वडील डोळ्यांना दिसायचं तेच सांगत होते. पूर्वी रेल्वेच्या सिग्नलला लोखंडी हात असायचा. तो आडवा असला की गाडीने थांबायचं. केबिनमधून तार ओढली की हात खाली पडायचा, म्हणजे मार्ग मोकळा, गाडी येणार. हात गेले, दिवे आले, तरी क्रियापद टिकून राहिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. मुलाला जरूर सांगा.

रस्त्यावरचा सिग्नलही रेल्वेचाच वारस. १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ पहिला उभा राहिला तो एका रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेतून. त्यालाही हात होते, रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे. मात्र हल्ली लाल दिव्यालाही काही जण 'सिग्नल पडला' म्हणतात. तिथे अर्थ थेट उलटा होतो. लाल असेल तर 'लागला' म्हणा.

'सिग्नल तोडला' हिंदी वाटतं. 'मोडला' लिहू का? (वाचक, दादर)

नको. नियम मोडतो, शब्द मोडतो, हे खरं. पण 'ट्रकने सिग्नल मोडला' वाचून मला वाकलेला खांब दिसतो. 'तोडला' रुळलंय, राहू द्या.

'वाहतूक दिवा' का वापरत नाही? (वाचक, गिरगाव)

सूचनेत, फलकावर जरूर वापरा. पण टॅक्सीत बसून 'पुढच्या सिग्नलला उजवीकडे घ्या' म्हणतो, तेव्हा आपण दिवा नव्हे, नाका सांगत असतो. वीज गेली, दिवे विझले, हवालदार हाताने गाड्या सोडतोय, तरी तो सिग्नलच.