सिस्प्लॅटिन घेताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न : माझ्या वडिलांना जिभेचा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेनंतर आता किरणोपचाराबरोबर दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध दिले जाते. पहिल्या डोसनंतर त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून १.३ झाले. अँटिऑक्सिडंटमुळे मूत्रपिंडे वाचतात असे सांगून एका नातेवाइकांनी व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, करक्युमिन (हळदीतले द्रव्य) आणि गुळवेलीच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या सुरू कराव्यात का?

उत्तर : सुरू करू नका, आणि दोन-चार दिवस घेऊन झाल्या असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात, त्यामुळे त्या पेशींत ते रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठते. तेथे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंटचा पेशीतला स्वतःचा साठा आटतो. उंदरांवरील प्रयोगांत करक्युमिन, व्हिटॅमिन ई आणि इतर अनेक द्रव्यांनी ही हानी कमी केल्याचे दिसले आहे. पण अशा बहुतेक प्रयोगांतल्या उंदराला कर्करोग नसतोच! मूत्रपिंड वाचले एवढे त्यातून कळते. गाठीवर औषधाची धार टिकली की नाही, हे कळत नाही. ज्या गाठींत ग्लुटाथायोन भरपूर असते त्या सिस्प्लॅटिनला दाद देत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे शंकेचे कारण समजेल. माणसांवरच्या चाचण्या लहान असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

संरक्षक औषध कधी द्यायचे, यालाही फार महत्त्व आहे. सोडियम थायोसल्फेट हे औषध लहान मुलांची श्रवणशक्ती सिस्प्लॅटिनपासून वाचवण्यासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झाले. पण ते सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी द्यायचे असते, आणि मंजुरीही कर्करोग इतरत्र न पसरलेल्या मुलांपुरतीच आहे. मूत्रपिंडांसाठी मंजूर झालेले ॲमिफॉस्टिन रक्तदाब उतरवते, उलट्या करवते, त्यामुळे ते आता क्वचितच वापरले जाते. घरी सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या गोळीला असले वेळापत्रक कुठले?

मूत्रपिंडे खरोखर वाचवते ते पाणी. १९७० च्या दशकात मूत्रपिंडांच्या हानीमुळे हे औषध मागे पडण्याच्या बेतात होते. डोसच्या आधी आणि नंतर भरपूर सलाइन देण्याची पद्धत आल्यावरच ते वापरता येऊ लागले. त्या सलाइनमध्ये बहुधा मॅग्नेशियमही घालतात, कारण सिस्प्लॅटिनमुळे ते लघवीतून वाहून जाते. तुमच्या वडिलांची खरी अडचण घरी गेल्यावर सुरू होत असणार. किरणोपचाराने तोंड सोलवटले की घोटभर पाणीही गिळवत नाही, त्यात उलट्या, आणि दुखणे थांबावे म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन! या दोन्ही गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात; वेदनाशामक डॉक्टरांनाच विचारून घ्या. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालून पाणी आणि अन्न देण्याबद्दलही विचारा, त्यात संकोच नको.

आणलेल्या गोळ्यांबद्दल आणखी दोन गोष्टी. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेतून शरीरात ऑक्झलेट तयार होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडातच साचू शकतात. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. रोजच्या आमटीतली हळद आणि झेपतील ती फळे यांना मात्र ही बंदी लागू नाही.

क्रिएटिनिनची ही वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पुढच्या डोसआधी ते पुन्हा तपासतीलच. त्याबरोबर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासायचे का, तेही विचारा. मूत्रपिंडांची क्षमता फार उतरली असेल तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात किंवा दुसरे औषध निवडतात. लघवी कमी झाली, पायांत वारंवार गोळे येऊ लागले किंवा दिवसभर पाणी पोटात ठरेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.