‘जंगल तुम्हीच संपवलंत,’ मी बाबांना म्हणाले होते

‘मावशी, माझं माहेर आलापल्लीजवळ, गडचिरोली जिल्ह्यात. बाबा वीस-बावीस वर्षं कूपात, म्हणजे वन खात्यानं तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, सागवान तोडायला जायचे. पुढे वनहक्काचा पट्टा मिळाला, पावणेतीन एकर, आणि ते धानाचे शेतकरी झाले. मी बीएस्सीला असताना सुट्टीत घरी आले आणि जेवताना बोलून गेले, “जंगल तुम्हीच संपवलंत.” बाबा काही बोलले नाहीत. हात धुतले नि बैलांना पाणी दाखवायला गेले. गेल्या श्रावणात धानाची रोवणी चालू असताना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता भाऊ म्हणतो, जमीन विकून मोकळे होऊ, घेणारा तयार आहे. आई गप्प आहे. मला रात्र रात्र झोप नाही. माफी मागायची तरी कुणाची?’
– एक लेक, पुणे

बाळ,

बाबांना लागलं नसेल, असं मी तुला सांगणार नाही. लागलं असेल. घास टाकून माणूस उठतो तेव्हा लागलेलं असतंच. हे आधी बोलून टाकते, कारण गेले चार महिने तुला जो तो ‘त्यांनी मनावर घेतलं नसेल गं’ म्हणत असणार, आणि त्यावर तुझा विश्वास बसत नसणार.

पण तू बोललीस ते खरं होतं का, हेही बघायला हवं. सरकारी कूपात कुठलं झाड पडणार हे तोडणारा ठरवत नाही. वन खात्याची कार्य आयोजना असते, कुठल्या वर्षी कुठला कूप हे तिच्यात आधीच लिहिलेलं असतं. मग माणसं येऊन झाडं मोजतात, नंबर टाकतात. बुंध्याशी साल तासून तिथे खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवतात. तो इतका खाली मारतात की झाड गेल्यावरही थुटावर राहावा आणि नंतर तपासता यावा. तुझे बाबा त्या ठशानंतर यायचे, मजुरीवर. लाकूड आगारात जायचं, लिलाव व्हायचा, पैसा वर जायचा. हे इंग्रजांच्या काळापासून असंच चालत आलं. 1974 साली वनविकास महामंडळ निघालं, तेव्हा तर कितीतरी ठिकाणी मिश्र जंगल साफ करून नुसता साग लावला गेला. तो निर्णय कूपातल्या कुठल्याही झोपडीत झाला नव्हता.

आणि एक गोष्ट तुला कॉलेजात कुणी सांगितली नसेल. साग थुटातून पुन्हा फुटतो. पण तोड जमिनीलगत हवी, काप गुळगुळीत आणि किंचित उतरता हवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि बुंध्याची साल फाटता कामा नये. आडदांड माणसानं घाव घातला की साल चिरते, थूट कुजतं. हात बसलेला असला की पावसाळ्यात त्याच थुटाला धुमारे येतात. बाबांचा हात कसा होता मला माहीत नाही. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तू लिहिलंयस की पहिला घाव घालण्याआधी ते खोडाला तळवा लावून उभे राहायचे, आणि लहानपणी तुला वाटायचं ते झाडाशी बोलतायत. शेतात मधोमध मोहाचं झाड त्यांनी ठेवलं, सावलीनं अर्धी बांधी, धानाचं खाचर, पिकायची नाही तरी ठेवलं, हेही तूच लिहिलंयस. पत्र परत वाच. उत्तर तिथे तूच लिहून पाठवलंयस मला.

2023 साली राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून अयोध्येला सागवान गेलं, तेव्हा मोठी शोभायात्रा निघाली. लाकडाची पूजा झाली, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण मला त्या दिवशी कूपातले हात आठवले. त्या हातांच्या मजुरीवर तुझी फी भरली गेली. अपराधी वाटून घेण्यासाठी सांगत नाही हे. ते हात तुझे आहेत, ते आपले म्हण, अभिमानानं म्हण.

आता जमिनीचं, कारण ते थांबणार नाही. बाबांचा पट्टा 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा असेल, तर ती जमीन विकता येत नाही. वारसांना मिळते, पण विकता येत नाही, कुणाच्या नावे करून देता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. नवराबायको दोघं असतील तर पट्टा दोघांच्या नावे असतो, म्हणजे आईचं नाव त्यावर आधीपासून असायला हवं. पेटीतून कागद काढ आणि बघ. ‘घेणारा तयार आहे’ म्हणणारा माणूस स्टॅम्प पेपरवर काहीतरी लिहून घेईल, पैसे देईल, आणि उद्या आई ना जमिनीची ना पैशाची, अशी अडकेल. कुणीही कशावरही सही किंवा अंगठा देऊ नका. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत जा, तहसीलला जा, वारसनोंदीचं विचारा.

भावावर रागावू नकोस. तो शेत विकायला निघालाय म्हणजे बाबांना विसरलाय, असं नाही. कदाचित त्या धुऱ्याकडे बघणं त्याला जमत नसेल. तो तिथे होता, तू नव्हतीस. त्याला एवढंच विचार की या वर्षी पऱ्हे, धानाची रोपं, कोण टाकणार, नांगर कुणाचा आणायचा. विकण्याचा विषय तू काढू नकोस, आधी कागद त्याच्यासमोर ठेव.

माफीचं विचारलंस. आईजवळ बस आणि त्या रात्री तू काय बोललीस ते तिला सांग. तिनं ऐकलं असणार, ती चुलीपाशीच होती ना? बाबा बैलांकडून परत आल्यावर तिला काय म्हणाले ते विचार. ती गप्प आहे, कारण तिला अजून कुणी काही विचारलेलंच नाही.

मृगाच्या आधी जा. एकदा पाऊस सुरू झाला की आई बांधीतच असेल, मग बोलायला सवड मिळायची नाही.

तुझी,
मावशी