बागेत वसंतात फुलणारं झाड लावावं की कंद?

कंद. मोजकीच जागा असेल तर बिनदिक्कत कंद.

झाडाचा आग्रह धरणारा एकजण प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे धाकटे दीर आहेत. कंद म्हणजे चार दिवसांची हौस, हे त्यांचं ठाम मत. एका शरदात मी कुंपणालगत डॅफोडिल लावले, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. वसंतात असे फुलले की येणारा-जाणारा थांबून बघायचा. फुलं सुकली, पानं लोळायला लागली. भावोजी तेव्हा आमच्याकडे राहायला होते, त्यांना तो पसारा बघवेना. मी बाहेर गेले होते तेवढ्यात त्यांनी गवत कापायचं यंत्र काढलं आणि पानांसकट सगळं सपाट केलं. वर मलाच, "वहिनी, आता कसं नीटनेटकं दिसतंय!"

अहो, फुलं सरल्यावर निदान सहा आठवडे तीच पानं कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी भरत असतात! पुढच्या वसंतात नुसती पाती आली, फूल एक नाही. मग भावोजीच सांगत सुटले, "कंद एकदाच फुलतात, मॅग्नोलिया लावा." त्यांच्या स्वतःच्या मॅग्नोलियाच्या कळ्या त्याच वर्षी उशिराच्या एका गोठवणाऱ्या रात्रीत काळवंडल्या, तो विषय ते काढत नाहीत.

झाडाची जागा चुकली की चुकली. मॅग्नोलियाची मांसल मुळं हलवलेली सोसत नाहीत. चेरीचा बहर आठवडा-दोन आठवडे, मध्येच पाऊस-वारा आला की तेवढाही नाही. क्रोकस, डॅफोडिल, ट्यूलिप असे मागेपुढे फुलणारे कंद लावले तर एकामागून एक फुलं येत राहतात.

ट्यूलिपची हमी मात्र मी घेत नाही. बहुतेक संकरित जाती दुसऱ्या वर्षी रोडावतात, शिवाय खारी कंद उकरून खातात. डॅफोडिल विषारी, त्यामुळे खारी शिवत नाहीत. घरात कुणी कांदा समजून चिरणार नाही एवढं बघा. तुमच्याकडे थंडीच पडत नसेल तर ट्यूलिपचे कंद 12 ते 16 आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतील, आणि तेही सफरचंदांपासून लांब, नाहीतर फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे आतली कळी मरते.

आणि हो, सावली हवी असेल तर झाड लावाच की, मी कुठे नको म्हणते? फक्त पानगळीचं लावा, म्हणजे त्याला पालवी फुटायच्या आत खालच्या कंदांना ऊन मिळतं. झाड आधीपासूनच असेल तर मुळं तोडत खड्डे खणू नका, क्रोकससारखे छोटे कंद मधल्या मोकळ्या मातीत खोचा.