मुंबईच्या सहलपत्रकात 'फोटो पॉइंट' म्हणून दिलेल्या अंदमानातील जपानी बंकरांचा इतिहास काय आहे?

हे बंकर मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात अंदमान ताब्यात ठेवणाऱ्या जपानी लष्कराचे आहेत, आणि त्याच लष्कराने हेरगिरीच्या संशयावरून तेथील भारतीयांचा अमानुष छळ केला. आपल्याकडील सहलींत सेल्युलर जेल आवर्जून दाखवतात, ते योग्यच आहे. परंतु माहिती बहुधा सावरकरांच्या व इतर क्रांतिकारकांच्या ब्रिटिशकालीन बंदिवासापाशी थांबते, आणि त्याच तुरुंगात जपान्यांच्या छळाने पंजाबी कवी व डॉक्टर दिवाणसिंग कालेपानी यांचा जानेवारी १९४४ मध्ये मृत्यू झाला, हे अनुल्लेखितच राहते. ३० जानेवारी १९४४ रोजी दक्षिण अंदमानातील होम्फ्रेगंज या गावी जपान्यांनी ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९४५ मध्ये तर शेकडो लोकांना हॅवलॉकजवळ, म्हणजे आज मधुचंद्रासाठी जाहिरात होणाऱ्या स्वराज द्वीपाजवळ, समुद्रात ढकलण्यात आले. त्यांचा आकडा मात्र निरनिराळ्या वृत्तांतांत वेगवेगळा आढळतो. सर्वच ठिकाणी विस्मरण आहे असे नाही, कारण होम्फ्रेगंजला स्मारक उभे आहे. ते कार्यक्रमपत्रिकेत नसल्यास आरक्षणाच्या वेळीच सहल आयोजकांकडे तसा लेखी आग्रह धरावा.